काका, शिक्का आहे का?

मार्च उजाडला की आमच्या नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांच्या घरी लग्न आहे आणि दोन, ज्यांच्या घरी कुणीतरी एम.कॉम.ला आहे. पहिली माणसं पत्रिकेवरचा गणपती उभा हवा की बसलेला यावर पाऊण तास वाद घालतात. दुसरी दारातूनच विचारतात, "काका, तुमचा शिक्का गोल आहे का चौकोनी?"

गोल आहे. गेली बावीस वर्षं गोलच आहे. बिलावर उमटायचं आणि बँकेत जाऊन यायचं, एवढंच त्या बिचाऱ्याचं आयुष्य होतं. पण मध्यंतरी एका कॉलेजचं पत्र आलं आणि त्यावरून मला समजलं की मी 'इंडस्ट्री' आहे. आमची इंडस्ट्री म्हणजे मी, एक मशिनमन, आठवड्यातून तीन दिवस येणारी डीटीपीवाली आणि एक जुनं ऑफसेट मशीन. बसायला स्टुलं दोन. त्यातल्या एकाच्या पायाखाली रद्दी पत्रिकांची घडी सारलेली आहे, म्हणून ते स्थिर आहे.

झालंय असं, की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ठरवलं, पोरांनी नुसतं पुस्तकी शिकू नये. यात वाईट काही नाही. आपल्याकडे २०२३ पासून पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षात चार क्रेडिटचं 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. पोरं त्याला ओजेटी म्हणतात, आणि आपण ज्या सुरात आरटीओ म्हणतो त्याच सुरात म्हणतात. आता हिशेब करा. वर्गात साठ मुलं धरली तर ७,२०० तास झाले. रोजचे आठ तास धरले तर ९०० दिवसांचं काम, तेही एका कॉलेजातल्या एका वर्गाचं. एवढं काम आमच्या पेठेत असतं तर ते करत मीच नसतो का बसलो?

तेव्हा काम मिळणं अवघड. शिक्का मात्र घरोघरी असतो. ज्याच्या मामाचं मेडिकल आहे त्याची ओजेटी 'फार्मा सेक्टर'मध्ये होते. जिच्या आत्याचं ब्युटी पार्लर आहे ती 'वेलनेस'मध्ये जाते. आमच्या सोसायटीतल्या एका मुलानं वडिलांच्याच रिक्षावर 'अर्बन मोबिलिटी' केली. माझा सख्खा भाचा अर्थातच 'प्रिंट अँड मीडिया'त आहे. त्याचे १२० तास पूर्ण झाल्याचं पत्र मीच दिलं. पैकी पाऊण तास मी डोळ्यांनी पाहिला आहे. चार्जर विसरला होता, तो न्यायला आला होता. त्याच पावली रोजच्या डायरीच्या पंधरा पानांवर शिक्के मारायचे म्हणून माझा शिक्काही घेऊन गेला. "दोन मिनिटांत आणतो, मामा."

पत्राचा मजकूर कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आयता असतो. 'सिन्सिअर, पंक्च्युअल अँड हार्डवर्किंग.' यंदा हे तीन शब्द मी अकरा जणांबद्दल टाइप केले. त्यातल्या सात जणांना मी अजून पाहिलेलं नाही, पण वक्तशीर असणारच, कारण पत्र न्यायला त्यांच्या आया बरोबर अकराला हजर होत्या.

आता यात कॉलेज काहीच करत नाही असं कुणी म्हणू नये. प्रत्येक कॉलेजात 'करिअर गायडन्स अँड प्लेसमेंट सेल' असतो. मला तो आतून माहीत आहे, कारण त्याची प्रमाणपत्रं आमच्याकडे छापली जातात. सेल म्हणजे एक कपाट, एक फाइल आणि एक प्राध्यापक. या प्राध्यापकांकडे परीक्षा विभाग, वार्षिक अंक आणि अधूनमधून निवडणुकीची ड्यूटीही असते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची झाली की सेलमध्ये जान येते. नॅकचा पाचवा निकष म्हणजे विद्यार्थ्यांना दिलेला आधार आणि त्यांची प्रगती. आधार दिला याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे जिओटॅग केलेला फोटो. फोटोत अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं येतं. पोरांच्या चेहऱ्यावर काय आहे तेही येतं, पण त्याला गुण नाहीत.

मागल्या वर्षी अशाच एका फोटोत मी आहे. 'इंडस्ट्री एक्सपर्ट' म्हणून बोलावलं होतं. विषय होता 'इंटर्नशिपची पूर्वतयारी'. शाल, श्रीफळ आणि फोटो हे भाषणाच्या आधीच उरकलं, कारण नंतर उजेड जातो म्हणे. फोटो झाल्यावर मागच्या चार रांगा उठून गेल्या. त्या दुसऱ्या वर्गाच्या होत्या, फोटोपुरत्या आणल्या होत्या. उरलेल्यांना मी मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मजकूर छापायला जाण्याआधी गिऱ्हाइकाची सही घ्यावी, फोनवर ऐकलेली तारीख उलट वाचून दाखवावी, आणि नाव काय म्हणून विचारताना 'आडनाव ऱ्हस्व की दीर्घ' हेही विचारावं. दहा मिनिटांत संपलं. आभार मानणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सरांनी सॉफ्ट स्किल्सवर अमूल्य मार्गदर्शन केलं.

त्या दिवशी चौदा मुलांनी आपले रेझ्युमे तपासायला दिले. आमच्या वेळी याला बायोडाटा म्हणत. तो शब्द आता लग्नाकडे गेला, नोकरीला रेझ्युमे आला. दोन्हीत उंची सोडली तर फरक कमी. पूर्वी मुलगा होतकरू, निर्व्यसनी असायचा. आता तो 'रिझल्ट-ओरिएंटेड टीम प्लेयर' असतो. चौदाही जण 'डिटेल-ओरिएंटेड' होते आणि नऊ जणांच्या कागदावर त्याच शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. एकाने चॅटजीपीटीकडून आलेला मजकूर जसाच्या तसा ठेवला होता, वर 'येथे आपले नाव लिहा' यासकट. मी त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, "काका, माणूस वाचतच नाही हे. मशीन वाचतं." खरं आहे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमधून जातात. ते जाहिरातीतले शब्द अर्जात शोधतं. म्हणजे यंत्रानं लिहायचं, यंत्रानं वाचायचं, आणि मध्ये पोरानं फक्त वायफायचं बिल भरायचं.

लिंक्डइनची भाषा मात्र मला लगेच कळली. सांगण्यास अत्यंत आनंद होतो की मी अमुक कंपनीत इंटर्न म्हणून रुजू होत आहे, ही संधी दिल्याबद्दल तमुक सरांचे, ढमुक मॅडमचे ऋण. हे मी बावीस वर्षं छापतोय. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढंच वर राहिलंय, आणि खाली 'आपली उपस्थिती हाच आहेर'. घरची कार्यवाह मंडळीही असतात, फक्त त्यांना टॅग म्हणतात.

सरकारही मागे नाही. २०२४ च्या जुलैत केंद्राच्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली: पाच वर्षांत एक कोटी तरुण, देशातल्या अव्वल ५०० कंपन्या, महिन्याला पाच हजार रुपये. आमच्या भाच्यानं उत्साहानं नियम वाचले. तेव्हा वय २१ ते २४ हवं होतं, ते त्याचं होतं. पण पूर्णवेळ शिकत असलेला चालत नव्हता. म्हणजे कॉलेजात असताना इंटर्नशिप सक्तीची आणि सरकारी इंटर्नशिप हवी तर कॉलेजात नसायला हवं होतं. योजनेच्या पहिल्या फेरीत संधी सव्वा लाखाच्या वर होत्या आणि रुजू झालेल्यांचा सरकारी आकडा नऊ हजारांपर्यंतही पोचला नाही, तेव्हा भाचा फार मागे राहिला असंही नाही.

त्याच जुलैत राज्यानं युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणतात. बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार, सहा महिने. मग ते सहाचे अकरा झाले, आणि अकरा संपल्यावर भाऊ कायम करा म्हणून आंदोलनाला बसले. लाडका असला तरी भाऊच तो, वाटणी मागणारच.

खासगीत तर याच्याही पुढचा शोध लागलाय. तिथे इंटर्ननंच पैसे भरायचे. ऑनलाइन एक महिना, प्रमाणपत्र, वर 'शिफारसपत्र मोफत'. आमच्या डीटीपीवालीच्या बहिणीनं दीड हजार भरले आणि तिला काम काय दिलं, तर आणखी दहा जणांना याच इंटर्नशिपला बसवायचं.

या सगळ्याला आपल्या भाषेत एक साधा शब्द होता, उमेदवारी. डॉक्टर आणि बी.एड.वाले आंतरवासिता करतात, ते भारदस्त. बाकीचे सगळे उमेदवारी करायचे. उमेद हा फारसी शब्द, अर्थ आशा. उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला. कचेरीत जागा निघेल या आशेवर बिनपगारी खर्डेघाशी करणाऱ्याला हा शब्द चपखल बसायचा. पुढे तो राजकारण्यांनी उचलला. तेही आशेवरच बसलेले असतात, पण अनामत भरून.

मी स्वतः एका नातेवाइकाच्या छापखान्यात उमेदवारी केली. लोक अशा आठवणी सांगताना गहिवरतात. मला गहिवरावंसं वाटत नाही. तीन महिने छपाईत वापरलेले अक्षरांचे खिळे उचलून आपापल्या खणात टाकले. कुणी काही शिकवलं नाही. मालकाला शिष्य नको होता, फुकटचे हात हवे होते. मी एकदा नवऱ्या मुलाच्या नावामागे 'चि. सौ. कां.' जुळवलं आणि तशा चारशे पत्रिका छापून झाल्या. पगार कापायला पगारच नव्हता, म्हणून आठवडाभर माझा चहा कापला. त्या बिनचहाच्या आठवड्यात मी प्रूफ वाचायला शिकलो, हे खरं. पण ते त्या मालकामुळे असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन.

असो. तर यंदा फेब्रुवारीच्या शेवटी एक मुलगी आली. जुन्नरकडची, हॉस्टेलवर राहणारी. बोर्ड पाहून आत शिरली.

"काका, ओजेटी करायची आहे."

मी सवयीनं म्हणालो, "फॉरमॅट आणलाय का? नाव सांग, टाइप करून ठेवतो."

"नाही, करायची आहे," ती म्हणाली. "पुण्यात माझं कुणी नाही."

मशीन बंद पडलं. मशिनमननंच बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. आमच्या प्रेसच्या इतिहासात हा प्रसंग नवीन होता. काम करायला आलेल्या माणसाचं करतात काय? पहिल्या दिवशी तिला डुगडुगतं स्टूल दिलं, म्हणजे उद्या यायची नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, पायाखालची घडी उलगडून नीट जाड केली आणि म्हणाली, "उधारीची वही कुठे आहे?"

उधारीची वही! ती मी स्वतः दोन वर्षं उघडली नव्हती. डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितलाय. तिनं चार दिवसांत वही, सुट्ट्या चिठ्ठ्या आणि मशिनमनची स्मरणशक्ती या तीन साधनांवरून यादी बनवली. येणं होतं १ लाख ८४ हजार. लग्नवाले थोडे, मंडळं बरीच, दोन नगरसेवक. आणि सगळ्यात वर, ३१ हजार ५०० रुपये, एक कॉलेज. तपशील: करिअर मार्गदर्शन कार्यशाळा, प्रमाणपत्रं, रंगीत, ३०० जीएसएम.

तिचंच कॉलेज.

तिनं त्यांना स्मरणपत्र लिहिलं, एका पानाचं, त्यात एकही 'पॅशनेट' नाही. आणि ओजेटीच्या अहवालात निष्कर्ष म्हणून हेच मांडलं: या व्यवसायाची खेळत्या भांडवलाची अडचण सर्वाधिक एका शैक्षणिक संस्थेमुळे आहे, सरासरी थकबाकी २३ महिने. मार्गदर्शक सरांनी अहवाल परत दिला. निष्कर्ष फॉरमॅटमध्ये नाही म्हणाले. फॉरमॅटमध्ये निष्कर्ष आधीच छापलेला असतो: 'संस्थेतील कार्यसंस्कृती उत्साहवर्धक असून बरेच काही शिकायला मिळाले.' माझ्या भाच्याच्या अहवालात तोच होता. त्याला 'ओ' ग्रेड मिळाली. ओ म्हणजे आउटस्टँडिंग. आमच्या धंद्यात आउटस्टँडिंग म्हणजे थकलेलं येणं, पण कॉलेजात अर्थ वेगळा असावा.

शेवटच्या दिवशी तिनं एक व्हाउचर पुढे केलं. मी निरागसपणे बघत राहिलो, कारण मी तिला एक पेन आणि शुभेच्छा द्यायचं ठरवलं होतं.

"पदवीधराला सरकार महिना दहा हजार देतं, काका. सव्वीस दिवसांनी भागलं. १२० तास म्हणजे पंधरा दिवस. पाच हजार सातशे एकोणसत्तर होतात. वरचे पैसे सोडलेत."

"कुणी सांगितलं तुला पगार असतो म्हणून?"

"तुम्हीच. त्या भाषणात. गिऱ्हाइकाची सही आधी घ्यावी म्हणालात. मी होते तिथे, पुढच्या रांगेत."

मशिनमन हसला. मी सही केली, पैसे मोजून दिले, तिचं पत्रही टाइप केलं. सिन्सिअर, पंक्च्युअल, हार्डवर्किंग. बाराव्यांदा टाइप करत होतो आणि पहिल्यांदाच मजकूर तपासावा लागला नाही. खाली सही ठोकली आणि शिक्क्यासाठी ड्रॉवर उघडला. स्टॅम्प पॅड होतं, शाईची बाटली होती. शिक्का नव्हता.

भाच्याला फोन लावला. मागे माइकचा आवाज येत होता. इंटर्नशिप कशी मिळवावी यावरच्या कार्यशाळेत बसला होता.

"शिक्का ना मामा? तो माझ्याकडून मित्रानं नेला, त्याच्याकडून त्याच्या रूममेटनं. थांब, ग्रुपवर विचारतो सध्या कुणाकडे आहे ते."

मी फोन ठेवला. मुलीनं काही विचारलं नाही. स्टुलावर पुन्हा बसली, उधारीची यादी उघडली आणि कॉलेजच्या खाली एक ओळ वाढवली: शिक्का, गोल, १ नग, येणे.