लेन्स बदलण्याचे फायदे

लग्नाचे फोटो काढायला एकच एक भारी झूम लेन्स पुरते, असं सांगणारा एक वर्ग अलीकडे फार बोकाळला आहे. ही माणसं २४-७० मिलिमीटर, एफ/२.८ अशी एक लेन्स सकाळी हळदीच्या वेळी कॅमेऱ्यावर चढवतात, ती पाठवणी आटपली की उतरवतात. मधल्या वेळात फक्त फोटो काढतात. इतक्या रुक्ष लोकांबद्दल आमच्या मनात राग नाही, कीव आहे. मंगलप्रसंगी माणसाने पाच-सहा लेन्स बाळगाव्यात, त्या मनसोक्त बदलाव्यात आणि बदलाबदलीतून वेळ उरलाच तर फोटोही काढावेत, हीच खरी रीत. तिचे फायदे अजून कुणी नीट मांडलेले नाहीत, म्हणून हा प्रपंच.

आधी वजनाचं बघू, कारण झूमवरचा पहिला आरोप वजनाचाच असतो. सोनीची २४-७० जीएम टू ही लेन्स भरते ६९५ ग्रॅम. एवढं ओझं दिवसभर गळ्यात कोण वागवणार? त्यापेक्षा त्याच कंपनीच्या एफ/१.८ च्या तीन सुटसुटीत प्राइम घ्याव्यात. ३५ मिलिमीटरची २८० ग्रॅम, ५० ची अवघी १८६ आणि ८५ ची ३७१. दुकानात एका वेळी एकच हातात घ्यायची असते, त्यामुळे तिन्ही हलक्याच लागतात. बेरीज ८३७ होते, पण दुकानात उभं राहून बेरीज करायला सांगितलंय कुणी? शिवाय हे वरचे १४२ ग्रॅम गळ्यात नसतात, पिशवीत असतात, आणि पिशवी नेहमी दुसऱ्या खोलीत असते.

ही दुसरी खोली म्हणजे मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली. तिची किल्ली नवरीच्या मावशीकडे, मावशी खाली रुखवताजवळ, आणि रुखवत दाखवत असलेल्या मावशीला मध्येच थांबवण्याची कुणाची छाती नसते. लेन्स आणायला गेलेला असिस्टंट त्यामुळे चिवड्याच्या पुडीसकट परततो. या फेऱ्यांतून दोन्हीकडच्या नातेवाइकांशी जो घरोबा होतो, तो एका जागी उभं राहून फोटो काढणाऱ्याच्या नशिबी नसतो.

झाकणांचा संसार वेगळाच. या तिघींपैकी ३५ ला ५५ मिलिमीटरचं झाकण लागतं, ५० ला ४९ चं, ८५ ला ६७ चं. एकीचं दुसरीला बसेल तर शपथ. मागची झाकणं मात्र कुणाचीही कुणालाही बसतात, म्हणून तीच आधी हरवतात. झूमवाल्याला पुढचं एक आणि मागचं एक, अशी दोनच झाकणं सांभाळायची असतात. त्याला काही गमावल्याचा अनुभव येणार कुठून?

आता प्रकाशाचं. इथे झूमवाल्यांना मान खाली घालावीच लागते. एफ/१.८ वर एफ/२.८ च्या जवळजवळ २.४ पट उजेड आत येतो. ज्या अंधारात झूमवाला आयएसओ ६४०० वर नेतो, तिथे आपलं २६०० च्या आसपास भागतं. स्टेजवर जांभळे-निळे एलईडी लावून नवरीची हळद हिरवी दिसण्याची सोय डेकोरेटरने केलेलीच असते. तिथे हा जादा उजेड फार मोलाचा. त्याच्याबरोबर आणखी एक देणगी फुकट मिळते. ८५ ची लेन्स एफ/१.८ वर ठेवून दोन मीटरवर उभं राहिलं, तर साधारण सहा सेंटिमीटर जाडीचा पट्टाच काय तो धारदार येतो. सहा सेंटिमीटरमध्ये नवरीचे डोळे बसतात, नथ बसते. नवरदेव बसत नाही. कानपिळीच्या फोटोत नवरदेवाचा कान असा लख्ख येतो की भिकबाळीचा मोती मोजून घ्यावा. कान पिळणारा मेहुणा मात्र धुक्यात. कान पिळला जातो आहे हे दिसतं, कोण पिळतो आहे हे पाहुण्यांना तोंडी सांगावं लागतं. दोघेही स्पष्ट हवे असतील तर अपर्चर एफ/४ पर्यंत बंद करावं आणि मग शेजारच्या झूमवाल्याला एफ/२.८ वरून नावं ठेवावीत.

पण या पंथाचं खरं तेज दिसतं ते मुहूर्तावर. अंतरपाट धरलेला आहे. अलीकडे नवरदेव, पलीकडे नवरी, मागे आपापले मामा. माइक आत्याबाईंच्या हातात आहे आणि तो परत मिळेल अशी आशा गुरुजींनी सोडलेली आहे. आपण ८५ लावून नवरीच्या झुकलेल्या पापण्या टिपतो आहोत. तेवढ्यात शेवटचं मंगलाष्टक सुरू होतं आणि ध्यानात येतं की अंतरपाट सुटल्यावर हार, अक्षता, मामा, गुरुजी असं सगळं एका चौकटीत लागणार. म्हणजे ३५ हवी. कॅमेरा आधी बंद करायचा असतो, त्याला वेळ नसतो. अंगठ्याने बटण दाबून ८५ फिरवायची, काढायची, काखेत धरायची. ३५ चं मागचं झाकण फिरवून दातात. मग लेन्सवरचा पांढरा ठिपका माउंटवरच्या पांढऱ्या ठिपक्याशी जुळवायचा. जांभळ्या उजेडात दोन्ही ठिपके जांभळे झालेले असतात, पण श्रद्धेने फिरवत राहिलं की केव्हातरी ‘टक्’ असा आवाज होतो. सरावलेल्या हाताला याला दहा-पंधरा सेकंद लागतात. अंतरपाट सुटायला एक लागतो.

वाजंत्री वाजते, अक्षता उडतात, नवरदेवाचे मित्र त्याला हार घालता येऊ नये म्हणून उचलून धरतात, खाली ठेवतात, हार पडतात, टाळ्या होतात. आपला कॅमेरा तयार होतो तेव्हा चौकटीत पेढ्यांचं ताट घेऊन निघालेले काका असतात. काकांचा फोटो मात्र अप्रतिम येतो. वरातीमागून घोडं नाचवलं असं लोक म्हणतील, पण त्या घोड्याचा असा फोटो आजवर कुणी काढलेला नसतो.

झूमवाल्याने या वेळात काय केलं? मनगट थोडं फिरवलं. ७० चे ३५ झाले. यात कसब कुठे आहे?

लेन्स बदलण्याचा एक धार्मिक फायदाही आहे. मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सरपुढे आरसा नसतो. कॅमेरा बंद केला तर काही मॉडेलांत शटर आड येतं. न केल्यास सेन्सर सरळ मांडवात उघडा पडतो. अशा वेळी अक्षतांवरचं कुंकू, होमाची राख, सकाळची उरलेली हळद असं जे काही हवेत असेल, त्याचा त्यालाही लाभ होतो. सेन्सरवर बसलेला कण मोठ्या अपर्चरवर दिसत नाही. दिवसभर तो कुणालाच दिसत नाही. मग कार्यालयाच्या अंगणात दोन्ही घरची सगळी माणसं चार ओळींत उभी करून, मागची ओळही स्पष्ट यावी म्हणून अपर्चर एफ/११ ला नेलं की तो करडा, गोल, सावकाश प्रकट होतो, आणि नेमका विहीणबाईंच्या डोक्यावरच्या मोकळ्या आकाशात. अल्बमच्या दोन पानी फोटोत तो बारीक सूर्यग्रहणासारखा दिसतो. झूम बारा तास न काढणाऱ्याच्या फोटोत आकाश नुसतंच निळं असतं.

‘झूम पायांनी करावा’ हे प्राइमवाल्यांचं ब्रीद. शास्त्रही त्यांच्या बाजूने आहे. झूमची रिंग फिरवली की फक्त चौकट लहान-मोठी होते. आपण जागा बदलली की जवळच्या आणि लांबच्या गोष्टींचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलतं, चित्रच बदलतं. हे अगदी खरं. आता सप्तपदीच्या वेळी स्टेजवर जागा बदलून बघावी. डावीकडे होमकुंड, उजवीकडे व्हिडिओवाल्याचा दिवा आणि त्या दिव्याची वायर, समोर फोन उंचावून उभे असलेले पाहुणे, मध्ये करा घेतलेली करवली, मागे स्टेजची कड. पुढे जावं तर गुरुजी ओरडतात, “अहो दादा, पळी!” मागे सरकावं तर नवा दृष्टिकोन मिळतो. एक पाऊल जास्त सरकलं तर फारच नवा मिळतो आणि तो खालच्या रांगेतल्या आजोबांच्या मांडीवरून मिळतो.

या मार्गाला परंपरेचाही भक्कम आधार आहे. सहा लेन्स बाळगणारे वादात नेहमी आंरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव काढतात, कारण तो प्राइम वापरायचा. वापरायचा हे खरंच. बहुतेक सगळं काम त्याने ५० मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर केलं. सहांपैकी एक लेन्स त्याच्याशी जुळते, हा योगायोग नव्हे. होमाई व्यारावाला यांचंही नाव घेता येईल. त्यांच्या हातात रोलाइफ्लेक्स असे. त्या कॅमेऱ्याची लेन्स काढताच येत नाही, त्यामुळे त्या बदलण्याच्या आनंदाला मुकल्या आणि समोर घडणारा इतिहास टिपत बसल्या. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ साली फोक्टलेंडरने आणली, ३६-८२ मिलिमीटरची झूमार, एफ/२.८. म्हणजे ज्या सोयीला आम्ही नवं फॅड म्हणून हिणवतो, ती आम्हा बहुतेकांच्या जन्माआधीची आहे. एवढी जुनी गोष्ट आजच्या तरुणाने का वापरावी?

काही कुंपणावरचे लोकही असतात. ते दोन बॉडी घेतात, एकीवर २४-७०, दुसरीवर ७०-२०० किंवा ८५, आणि दोन्ही दोन खांद्यांना लटकवतात. म्हणजे लेन्स वेगवेगळ्या, पण बदलणं नाही. हा शुद्ध कावेबाजपणा आहे. आणखी काहीजण तर महागाची झूम विकतही घेत नाहीत. लग्नापुरती भाड्याने आणतात, दुसऱ्या दिवशी परत करतात आणि वाचलेल्या पैशात फ्लॅशच्या चांगल्या बॅटऱ्या घेतात. अशी माणसं पंगतीला वेळेवर बसतात. त्यांना मठ्ठा मिळतो, जिलबी मिळते, विहिणींची पंगत बसेपर्यंत पाठ टेकायलाही मिळते. यावरून त्यांची कामावरची निष्ठा काय ती समजावी.

‘एकच झूम आणली आणि ती पडली तर?’ हा मात्र बिनतोड मुद्दा. त्यासाठी पिशवीत एफ/१.८ ची एखादी ५० टाकून ठेवावी. साध्या बनावटीची दहा-पंधरा हजारांत मिळते, संध्याकाळच्या अंधारात उपयोगीही पडते. पण ‘एखादी’ हा शब्द आम्हाला मान्य नाही. एक झूम, एक प्राइम आणि संपलं, असं म्हणू लागलो तर दर दिवाळीला दुकानात जायचं कशासाठी?

सगळ्यात मोठा लाभ कळतो तो अल्बम दाखवायच्या दिवशी. वधूपिता चष्मा लावून जाडजूड पानं उलटतात, थांबतात, पुन्हा मागे जातात आणि विचारतात, “हार घालतानाचा कुठाय हो?” अनेक लेन्सवाला इथे डगमगत नाही. “काका, त्या क्षणाला ८५ वर होतो. तिथे ३५ लागते.” काकांना यातलं काही कळत नाही, पण आकडे दोन आहेत आणि ते फटकन आले आहेत, यावरून माणूस जाणकार आहे हे कळतं. ते मान डोलावतात. काकू पेढ्यांच्या ताटाच्या फोटोचं कौतुक करतात. उरलेले पैसे मिळतात.

झूमवाल्याला हे उत्तर देता येत नाही. त्याच्याकडे त्या क्षणी २४ होती, ३५ होती, ७० होती. उजेड पुरेसा नव्हता म्हणावं तर फ्लॅश बॅगेत होता, लांब होतो म्हणावं तर जवळ यायला कुणी अडवलं नव्हतं. फोटो हुकला, तर तो उभा कुठे होता, बघत कुठे होता, शेवटचं मंगलाष्टक चालू असताना गुरुजींच्या हाताकडे लक्ष होतं की फोनकडे, असे एकेक नकोसे प्रश्न उरतात आणि सगळे त्याच्याच दिशेने येतात. दीड-दोन लाख मोजून माणसाने स्वतःचाच दोष विकत घ्यावा, हा कुठला व्यवहार? त्याच पैशात चार-पाच लेन्स येतात आणि प्रत्येकीबरोबर तिची अशी एक स्वतंत्र सबब येते. ३५ असेल तर ‘फार लांब पडलं’, ८५ असेल तर ‘मागे सरकायला जागा नव्हती’, ५० असेल तर दोन्ही.

तेव्हा या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनी गोंधळून जाऊ नये. लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. तोवर आहे त्या लेन्समध्ये १३५ मिलिमीटर, एफ/१.८ ची आणखी एक भर घालावी. सोनीची ९५० ग्रॅम भरते. ती कार्यालयाच्या स्टेजवर कुठे उभं राहून वापरायची, असले प्रश्न घेण्याआधी विचारू नयेत. निदान दोन हंगाम हुकलेल्या फोटोंचं कारण म्हणून ती कुठेही कमी पडणार नाही.