नऊ पैशांचा इन्फोसिस

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर सोमवारी, बाजार उघडायच्या आत, एक हळहळ येऊन पडते. या सोमवारची अशी : '१९९३ साली इन्फोसिसचे फक्त १०० शेअर घेतले असते, तर आज १५ कोटींचे मालक असता!' सोबत एक चार्ट. चार्टाच्या डाव्या कोपऱ्यात लाल बाण आणि बाणाखाली भाव : ९ पैसे.

संध्याकाळी तळमजल्यावरचे काका जिन्यात भेटले. हातात दुधाची पिशवी, चेहऱ्यावर सुतक.

"नऊ पैसे रे! लिमलेटची गोळी येत नव्हती तेवढ्यात. आणि आपण काय करत होतो?"

"तुम्ही घराचे हप्ते भरत होता, काका."

"तेच तर!"

आता काकांना कोण सांगणार, की इन्फोसिसचा शेअर ९ पैशांना पृथ्वीतलावर कधीही, कोणालाही मिळाला नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये इश्यू आला तेव्हा भाव होता ९५ रुपये. शंभर शेअरचे साडेनऊ हजार, म्हणजे त्या काळचं दोन तोळ्यांच्या आसपास सोनं. लोकांनी अर्ज हातात घेतला, 'सॉफ्टवेअर म्हणजे नक्की काय विकतात?' असं विचारलं आणि खाली ठेवला. इश्यू पूर्ण भरलासुद्धा नाही, उरलेला माल एका परदेशी बँकेने उचलला. जूनमध्ये नोंदणी झाली ती १४५ला. (कंपनी जन्मली पुण्यात, १९८१ साली, आणि दोनच वर्षांत बंगळूरला गेली. त्यामुळे पुणेकरांची हळहळ नेहमीच दुप्पट असते.)

मग ९ पैसे आले कुठून? भागाकारातून. १९९४, १९९७ आणि १९९९ला एकास एक बोनस : शंभराचे आठशे. २००० साली दहाच्या शेअरचे पाचाचे दोन : सोळाशे. २००४ला एकास तीन बोनस : चौसष्टशे. पुढे २००६, २०१४, २०१५, २०१८, दर वेळी दुप्पट. मोजत गेलात तर १,०२,४०० शेअर होतात. एकाचे १०२४. चार्टवाला काय करतो, तर आजच्या शेअरशी तुलना जमावी म्हणून जुन्या ९५ रुपयांना १०२४ने भागतो. ९ पैसे आणि वर थोडी चिल्लर. आजोबांचं वजन ६४ किलो आणि नातवंडं १६, सबब आजोबा चार किलोचे होते, अशातला हा हिशेब. तो चूक नाही. फक्त चार किलोचे आजोबा कोणी पाहिले नव्हते, एवढंच.

हा भागाकार केला नाही तर दुसरी पंचाईत. २८ ऑक्टोबर २०२४ला रिलायन्सचा एकास एक बोनस लागू झाला आणि साडेसव्वीसशेच्या आसपासचा शेअर सकाळी तेराशेच्या घरात दिसला. त्या दिवशी काका बनियनवरच माझ्या दारात. "अर्धा झाला! मुकेशचं काहीतरी बिनसलंय!" मुकेशचं काही बिनसलं नव्हतं. भाकरी तीच, तुकडे दोन. कोणाचा एक पैसा गेला नव्हता, कोणाला एक पैसा मिळालाही नव्हता.

गंमत पुढच्याच दिवशी झाली. २९ ऑक्टोबरला एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स नावाच्या मुंबईच्या कंपनीचा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. एका दिवसात. त्याचा चार्ट बघा : वर्षानुवर्षं सपाट कोकण आणि मग एकदम हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. मंगळवारी ग्रुपवर अर्थातच हळहळ आली : 'काल ३५३ रुपयांचे १०० घेतले असते तर...'

घेतले असते, पण कोणाकडून? या कंपनीजवळ एशियन पेंट्सच्या भांडवलाचा तीनेक टक्के हिस्सा आहे. तो हिशेबात धरला तर एकेका शेअरमागे लाखोंची मालमत्ता. ते ठाऊक असलेला कुठला शहाणा ३ रुपये ५३ पैशांना शेअर सोडेल? एकूण शेअरच दोन लाख, त्यातले तीन चतुर्थांश प्रवर्तकांकडे. रोजच्या सर्किटच्या मर्यादेमुळे भाव वर सरकायचा तोही पैशापैशाने. शेवटी सेबीने अशा कंपन्यांसाठी भावाचं बंधन काढून विशेष लिलाव करायला लावला, तेव्हा खरी किंमत बाहेर आली. म्हणजे ३ रुपये ५३ पैसे हा भाव होता, पण त्या भावाला माल नव्हता. आपल्याकडे फुलवाल्या मावशीसुद्धा ओळखतात हा फरक. दसऱ्याला झेंडू कालच्या भावाने मागून बघा.

म्हणून जुना भाव बघताना शेजारचा रकाना आधी बघावा, उलाढालीचा. बाजार रोज संध्याकाळी 'भावकॉपी' काढतो : उघडला किती, वर किती, खाली किती, बंद किती आणि सौदे किती शेअरचे. फार सुंदर शब्द आहे, भावकॉपी. जन्मदाखल्यासारखी कोरडी असते. त्यात बाण नसतो, हात जोडलेल्या बाहुल्या नसतात आणि मागाहून केलेला भागाकारही नसतो. त्या दिवशी जे झालं ते. फक्त 'बंद भाव' म्हणजे शेवटचा सौदा असं समजू नका. वर्षानुवर्षं तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी म्हणून काढला गेलाय. साडेतीनला शेवटचा सौदा कशालाही झालेला असू शकतो.

आणि एक. हळहळ नेहमी जिवंत कंपन्यांचीच येते. १९९३च्या आसपासच्या दोन-तीन वर्षांत इन्फोसिसबरोबर रांगेत उभ्या असलेल्या कंपन्यांची गर्दी आठवा. कागद, सूत, फायनान्स, कोळंबी. त्यातल्या कित्येकांचे पत्ते सापडेनात, तेव्हा सरकारने त्यांची यादीच केली आणि तिला नाव दिलं 'गायब कंपन्या'. 'कोळंबीचे १०० शेअर घेतले असते तर आज तुमच्याकडे १०० कागद असते' असा मेसेज कधी आलाय तुम्हाला? मेलेल्या कंपनीचा चार्ट कोणी पुढे ढकलत नाही.

बरं, काकांनी घेतले असते असं धरू. ठेवले असते का? मार्च २००० मध्ये इन्फोसिस शिखरावर होता. दीड वर्षात त्या किमतीचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग गेला. १० एप्रिल २००३ला कंपनीने पुढच्या वर्षाचा अंदाज जरा जपून सांगितला, तर एका दिवसात पाव किंमत उडाली. रिक्षाचं मीटर दोन रुपयांनी वाढलं तर काका दोन रात्री झोपत नाहीत. लाल बाण चढण दाखवतो. मला विचाराल तर जुना चार्ट उतारांसाठीच बघावा : किती खोल पडला, किती वर्षं पडून राहिला आणि तेवढे दिवस आपल्याला जेवण गेलं असतं का.

हे सगळं मी परवा काकांना ऐकवत होतो, त्यांच्याच बैठकीत. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या दादांनी घेतले होते की ते शंभर."

काकांचा कप बशीत आपटला.

दादा म्हणजे काकूंचे वडील. डोंबिवलीला रेल्वेत. कोणा साहेबाच्या सांगण्यावरून घेतले होते म्हणे. मग? मग थोरलीच्या लग्नात विकले थोडे, घराच्या रजिस्ट्रेशनला थोडे, धाकट्याच्या इंजिनिअरिंगला थोडे, आईच्या गुडघ्यांना थोडे. बोनस येत गेला, दादा विकत गेले. "ते कधी हळहळले नाहीत हो," काकू म्हणाल्या, "कामं झाली ना सगळी." उरलेले दोनशे त्यांनी २०१७ साली काकूंच्या नावावर केले. सप्टेंबर २०१८च्या बोनसने चारशे झाले. आता नातवाच्या फीसाठी त्यातले दोनशे काढायचेत म्हटल्यावर काकांनी तिथल्या तिथे वही काढून कराचं गणितही मांडलं.

ते मी पाहिलं आणि जुन्या भावाचा खरा उपयोग त्या वहीत सापडला. २०१८च्या अर्थसंकल्पाने दीर्घ मुदतीच्या नफ्यावर पुन्हा कर आणला, तेव्हा त्याआधीची वाढ सोडून दिली. जुन्या शेअरची खरेदी किंमत म्हणून ३१ जानेवारी २०१८ या दिवसाचा सर्वांत वरचा भाव धरता येतो, विक्रीचा भाव त्याहून जास्त असला म्हणजे झालं. दादांकडून आलेले हे दोनशे बोनसचे. मूळ किंमत शून्य. म्हणजे सगळी मदार त्या एका दिवसावर. आणि काकांनी तो भाव काढला होता चार्टवरून : ५७५. त्या दिवशी बाजारात इन्फोसिस अकराशेच्या वर होता. चार्टाने पुढच्या बोनसपायी तो अर्धा करून दाखवला.

हिशेबापुरता खरा भाव ११५० धरू आणि विक्री १५००ने. दोनशेचे आले तीन लाख. काकांच्या वहीप्रमाणे नफा १ लाख ८५ हजार. सवा लाखापर्यंत माफ, उरलेल्या साठ हजारांवर साडेबारा टक्के, म्हणजे साडेसात हजार रुपये कर, वर सेस. भावकॉपीप्रमाणे नफा सत्तर हजार. कर शून्य. मागाहून बोनसने आलेल्या दोनशेंना मात्र ही सवलत नाही, त्यांची खरेदी किंमत शून्यच. पण डीमॅटमध्ये आधी आलेले आधी गेले असं धरतात, त्यामुळे आत्ता जाणार ते जुनेच.

काकांनी चष्मा पुसला, वहीतला ५७५ खोडला आणि ग्रुपवर टाकायला मेसेज लिहायला घेतला. तो त्यांच्याकडून होईपर्यंत मीच इथे टाकतो : ज्यांच्या घरी ३१ जानेवारी २०१८पर्यंतचे शेअर आहेत आणि जे यंदा विकणार आहेत, त्यांनी त्या दिवसाचा सर्वांत वरचा भाव बाजाराच्या भावकॉपीतून काढावा. चार्टवरून काढू नये.