नसत्या चौकश्या

मराठी माणसाला कुतूहल नाही असं जे म्हणतात, त्यांनी एकदा मुंबईहून पुण्याला दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून जावं. कल्याण सुटेपर्यंत समोरच्या गृहस्थांना तुमचं आडनाव, मूळ गाव आणि आडनावावरून जे कळलं नाही तेही कळलेलं असतं. बदलापूरला फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा याचा निकाल लागतो. कर्जतला ‘मुलीचं अजून बघताय का?’ होतं आणि लोणावळ्याला चिक्की घेता घेता ते तुमच्या पगाराला हात घालतात.

याच कर्जतला गाडीच्या मागच्या बाजूला जादा इंजिनं लागतात. धक्का चांगला जाणवतो, हातातला चहा सांडतो. पण इंजिन पुढे असताना आणखी इंजिनं मागे कशाला, हे डब्यात कोणी कोणाला विचारत नाही. सगळे खाली उतरून वडा खात असतात. गाडी तेवढी थांबते ती त्या इंजिनांमुळे, आणि वडा मिळतो तो गाडी थांबते म्हणून. ज्या इंजिनाच्या कृपेने वडा पोटात जातो त्याची साधी विचारपूस नाही, आणि ज्याच्याशी पुणे स्टेशनानंतर जन्मात गाठ पडणार नाही त्याचा पगार मात्र भत्त्यांसकट हवा. म्हणजे आपल्याकडे माल भरपूर आहे, पाकिटावरचा पत्ता तेवढा चुकतोय.

पत्ता चुकवायला सुरुवात घरातच होते. पाच वर्षांचं पोर ओट्यापाशी उभं राहून विचारतं, “दूध उतू जातं, मग पाणी का नाही जात?” प्रश्न अस्सल आहे. दूध तापलं की त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश वर साय धरतात. खालची वाफ त्या सायीखाली कोंडते, बुडबुडे फुटण्याऐवजी त्यांचा फेस होतो आणि तो साय उचलून घेऊन पातेल्याबाहेर पडतो. पाण्यावर असलं झाकण नसतं, त्यामुळे वाफ आपली निघून जाते. सांगायला अर्धं मिनिट लागतं. पण घरात मिळणारी उत्तरं वेगळी असतात. आजी म्हणते, “लक्ष नसलं की उतू जातं.” बाबा म्हणतात, “आईला विचार.” आई म्हणते, “उतू गेल्यावर ओटा कोण पुसतं, ते आधी विचार.” आणि शेवटी सर्वानुमते ठराव होतो : नसत्या चौकश्या करू नकोस, अभ्यासाला बस.

पोर अभ्यासाला बसतं. पुस्तकात धड्याखाली ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा प्रश्न असतो आणि कारण गाइडात छापलेलं असतं. ते पाठ करून पोर गुण मिळवतं, मोठं होतं, नोकरीला लागतं, आणि एके दिवशी कर्जतच्या आसपास समोरच्या माणसाला विचारतं, “मग, हातात किती पडतात?”

आमच्या घरी दिवाळीआधी पंखे पुसायचं खातं माझ्याकडे आहे. स्टुलावर चढून पात्याला हात लावला की दरवर्षी तोच चमत्कार दिसतो. वर्षभर गरगर फिरलेल्या पात्यावर बोटभर धूळ. कपाटावरची धूळ नुसती फुंकर मारली तर उडते आणि ही मात्र एवढ्या वावटळीत मांड ठोकून बसते, ती कशी? या प्रश्नात मी एकटा नाही, हे मला पुढे कळलं. १९६५ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या रिचर्ड फाइनमनने विद्यार्थ्यांना दिलेल्या व्याख्यानांत हीच पंख्याच्या पात्यावरची धूळ पुढे केली आहे. हवा पात्यावरून घसरत जात नाही. पात्याला अगदी लागून असलेला तिचा थर पात्याबरोबरच फिरतो. त्या थरात बसलेल्या बारीक धुळीच्या दृष्टीने वारा जवळजवळ पडलेलाच असतो. खडा असता तर त्याचं डोकं थराच्या वर आलं असतं आणि तो उडाला असता. बारकी धूळ खाली दबून राहते आणि टिकते. (सरकारी नोकरीत मी हे तत्त्व पुष्कळ वर्षं पाहतो आहे, पण त्याला शास्त्रीय आधार आहे हे ठाऊक नव्हतं.)

हे सगळं मी स्टुलावरूनच घरात समजावून सांगितलं.

“म्हणजे नुसत्या वाऱ्याने ती जाणार नाही?” बायकोने विचारलं.

“अजिबात नाही.”

“ओलं फडकंच लागणार?”

“शास्त्र तेच सांगतं.”

“अहो, मग ते मघापासून तुमच्या खांद्यावर आहे.”

ऑफिसात मात्र कुतूहलाची रीतसर सोय केली जाते. आमच्याकडे कल्पकतेची टंचाई असल्याचं वरच्या मंडळींच्या ध्यानात आलं आणि परिपत्रक निघालं : सर्वांनी सकाळी साडेनऊ वाजता कल्पक होण्यासाठी सभागृहात हजर राहावे, गैरहजर राहिल्यास अर्ध्या दिवसाची रजा धरण्यात येईल. प्रशिक्षक तरुण होता, कानाला माइक लावलेला, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलणारा. त्याने सुरुवातीलाच जाहीर केलं की जगात कुठलाच प्रश्न मूर्खपणाचा नसतो, तेव्हा बेधडक विचारा. बराच वेळ शांतता. मग मागच्या रांगेतून आवाज आला, “जेवण इथेच आहे की डबा आणायचा होता?”

पुढे त्याने नऊ ठिपके काढले आणि पेन न उचलता चार सरळ रेषांत ते जोडायला सांगितले. सगळ्यांनी क्षणात जोडले. आमची प्रतिभा पाहून तो हरखून गेला. दर वर्षी येणारा प्रत्येक जण हेच नऊ ठिपके घेऊन येतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. पाहुण्याचा हिरमोड करायची आमच्याकडे पद्धत नाही.

मग आली वीट. गिलफर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कल्पकता जोखण्यासाठी रूढ केलेली ही चाचणी आहे. एखादी साधी वस्तू घ्यायची आणि तिचे जमतील तेवढे उपयोग ठरलेल्या वेळात लिहायचे. भिंत बांधणे, फेकून मारणे आणि कागदावर वजन म्हणून ठेवणे, एवढं झालं की बहुतेकांची गाडी अडते असं प्रशिक्षक म्हणाला. त्याची गाठ चाळीत वाढलेल्या माणसांशी पडली होती. पलंगाखाली ट्रंक जावी म्हणून पायांना लावायची वीट. डुगडुगणाऱ्या कपाटाची वीट. पाणी साचल्यावर जिन्यापर्यंत पाय न भिजता जायची वाट. गल्ली क्रिकेटचा स्टंप. नळावर नंबर लावण्यासाठी हंड्याऐवजी ठेवायची वीट. स्कूटरची जागा अडवायची वीट. सहलीतली चूल. पिंपातल्या लोणच्यावरचं वजन. फळा भरला, तो टिपून घेता घेता घामाघूम झाला. तेवढ्यात हिशेब विभागातल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, “देवाला उभं करायला.”

त्याला कळेना. मग सगळ्या सभागृहाने मिळून त्याला पुंडलिकाची गोष्ट सांगितली. आईबापांची सेवा चालली आहे, दाराशी देव आलेला, त्याला ‘थांब जरा’ म्हणून भिरकावलेली वीट, आणि त्या विटेवर कमरेवर हात ठेवून अजून थांबलेला देव. प्रशिक्षकाने मान डोलावली आणि फळ्यावर लिहिलं : मूर्तीचा स्टँड.

कल्पकता नाही असं ज्यांच्याबद्दल परिपत्रक निघालं होतं, ती ही माणसं. दहा बाय दहाच्या खोलीने जे शिकवलं, ते शिकवायला वातानुकूलित सभागृह लागत नाही. अडचण आहे ती पुढे. त्याच सुमारास नव्याने लागलेल्या एका मुलीने आमच्या विभागात विचारलं, “हा मासिक तक्ता आपण तीन प्रतींत काढतो. तिसरी प्रत कुठे जाते?” उत्तर मिळालं, “वर जाते.” मुलगी वरच्या मजल्यावर गेली. तिथेही उत्तर मिळालं, “वर जाते.” असं करत करत ती गच्चीला लागून असलेल्या खोलीत पोचली. तिथे कपाटं होती, कपाटांत सगळ्या तिसऱ्या प्रती वर्षवार लावलेल्या होत्या, आणि स्टुलावर निवृत्तीला टेकलेले शिपाईमामा बसले होते. “ठेवा इथे, बाई,” ते म्हणाले. “वाचायला अजून कुणी आलं नाही. पण येईल म्हणून मी रोज झटकून ठेवतो.”

तिने साहेबांना ही हकिकत सांगितली. साहेब गंभीर झाले. तिच्या वार्षिक अहवालात ‘हुशार, परंतु चौकश्या फार’ अशी नोंद झाली, आणि तेव्हापासून आम्ही तो तक्ता चार प्रतींत काढतो. चौकशी झालीच तर जवळ एक असावी म्हणून.

हिशेबाची नोकरी आणि कुतूहल यांचं मुळातच वाकडं आहे असं मात्र म्हणता येणार नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन १९०७ साली कलकत्त्याला आले ते हिशेब खात्यातले अधिकारी म्हणून. ट्रामने जाता-येता बो बझार रस्त्यावर त्यांना एका विज्ञानसंस्थेची पाटी दिसली. आपल्यालाही ट्राममधून पाट्या दिसल्याच असत्या. हे गृहस्थ उतरून आत गेले. नंतर कलकत्त्यातली कित्येक वर्षं ऑफिसच्या आधी सकाळी आणि ऑफिस सुटल्यावर रात्री त्यांचा मुक्काम तिथल्या प्रयोगशाळेत. वीणा, मृदंग, तबला हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. ढोल बडवला की नुसता दणका होतो, मग तबल्यातून सूर का निघतो, हा प्रश्न त्यांना पडला. पुडीवर मधोमध जी शाई असते, तिच्या वजनामुळे कातड्याची कंपनं सुरात बसतात, हे त्यांनी दाखवून दिलं. शेकडो वर्षं मैफली ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, शाईकडे बोट कोणी दाखवलं नव्हतं.

१९२१ साली युरोपातून बोटीने परत येताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना असंच धरलं. समुद्रात आकाशाचा निळा रंग दिसतो, असं तेव्हा मोठमोठी माणसं मानत. रामन यांनी जवळच्या लोलकातून परावर्तित उजेड वगळून पाण्याकडे पाहिलं, तर पाणी निळंच. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा ‘नेचर’ नियतकालिकासाठी त्यांचं टिपण तयार होतं. त्याच वाटेवर पुढे १९२८ मध्ये ‘रामन परिणाम’ आणि १९३० मध्ये नोबेल. माणूस बोटीच्या प्रवासाला खिशात लोलक घेऊन निघतो! आपण मांडव्याच्या लाँचला जाताना उलटीची गोळी आणि आवळासुपारी घेतो आणि वाटेत सीगल पक्ष्यांना वेफर्स घालतो. तिथलं पाणी निळं नसतं, ही अडचण मला मान्य आहे. पण मातकट का असतं, हे तरी कुठे कोणी विचारतं?

असंच वेड दादासाहेब फाळके यांचं. ते १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी काय टिपलं, तर कुंडीत लावलेला वाटाणा. रोज थोडं थोडं, महिन्याच्या वर. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल चढलेला दिसला तेव्हा भांडवल देणाऱ्याचे हात सैल झाले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. मला कौतुक आहे ते त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं. घरात पोरंबाळं, दागिने गहाण पडतायत आणि नवरा वाटाण्यासमोर कॅमेरा लावून बसलाय. त्या ‘उसळ तरी करू द्या’ म्हणाल्या नाहीत. फिल्मच्या कडेला भोकं पाडायला शिकल्या.

आमच्याकडे सध्या भाचीने एक सोय काढली आहे. कोणी लग्नाची चौकशी केली की ती उलट एक नसता प्रश्न टाकते. एक दूरचे काका आले आणि चहाच्या आधीच म्हणाले, “काय गं, यंदा लाडू कधी?” भाची म्हणाली, “काका, कर्जतला मागे इंजिनं का लावतात हो?” काका गप्प. पण माणूस हाडाचा चौकस. पुढच्याच खेपेला कर्जतला उतरून त्यांनी थेट गार्डला गाठलं आणि रात्री फोन केला. घाटात दर ३७ फुटांना एक फूट चढ आहे. सगळा भार पुढून ओढला तर डब्यांच्या कपलिंगवर ताण येतो, म्हणून मागून ढकलायचं. आणि चुकून कपलिंग तुटलंच तरी मागचे डबे उतारावरून सुटत नाहीत, कारण खाली इंजिनं उभी असतात. “आणि हो, आता त्यांना गार्ड म्हणत नाहीत, ट्रेन मॅनेजर म्हणतात. मूळचे भुसावळचे आहेत. दोन मुली, धाकटीचं बघतायत.” माणसाने आणखी किती सुधारायचं?

काकांसारख्यांनी एकदा पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करत आणि घरचं चष्म्याचं दुकान होतं. या माणसाला दुसऱ्याच्या घरातले अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, दौती, पाय घासायच्या वज्र्या यांचं वेड लागलं. लोकांच्या घरी जाऊन, माळे आणि अडगळी धुंडाळून, पदरमोड करून त्यांनी जमवलेल्या वस्तू वीस हजारांच्या घरात आहेत. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. परक्याच्या घरात डोकावायची आपली राष्ट्रीय आवड त्यांच्याही अंगात होतीच, पण ते फडताळापाशी थांबले, पासबुकापर्यंत गेले नाहीत.

संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ आहे. गेलात तर अडकित्त्यांसमोर जरा जास्त वेळ थांबा. आणि तिथल्या रखवालदाराला काही विचारायचंच असेल तर पगार सोडून विचारा.