मुखत्याराची हकालपट्टी

सेनापती बापटांनी १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्या मुळशी धरणाच्या काठी आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. त्याआधी मी हिंजवडीत नोकरीला होतो. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच, त्यामुळे 'ह्यांनी धंदा बदलला, तालुका नाही बदलला' असं बायको पाहुण्यांना सांगते. कंपनीत माझं काम लॉगिन आणि परवानग्यांचं. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला कधी बाहेर काढायचं, यावर मी नव्या पोरांना व्याख्यानं देत असे.

ताम्हिणीचे धबधबे सुरू झाले की चौकशीच्या मेलचाही धबधबा लागतो. पिठलं-भाकरी मिळेल का, कुत्रा आणला तर चालेल का, सवलत किती. उत्तरं देऊन बोटं दुखायला लागली, तेव्हा मी एआय एजंट नेमला. त्यानं मेल वाचायची, कॅलेंडर बघायचं आणि जागा असेल तर बुकिंग पक्कं करायचं. त्यासाठी त्याला टोकन दिलं. टोकन म्हणजे कुलमुखत्यारपत्रच. पासवर्ड न सांगता आपल्या वतीनं कारभार करायचा अधिकार. शहाणी माणसं त्यात कुठपर्यंत अधिकार ते लिहितात. मी 'सर्व परवानग्या'वर टिचकी मारून चहा प्यायला गेलो.

एजंट कामाला वाघ, पण नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. कॅलेंडरात मी 'खोली २ बंद, गळती' असं लिहिलं होतं. त्यानं एका कुटुंबाला कळवलं, 'या खोलीत पावसाचा अनुभव आतूनही घेता येतो.' एका आजोबांना चाळीस टक्के ज्येष्ठ नागरिक सवलत दिली, आणि सोबतच्या नातवंडांनाही तीच. एका शनिवारी तीन खोल्यांवर सात कुटुंबं बसवली, तेव्हा बायको म्हणाली, "याला आजच्या आज काढ."

फोनवरचं ॲप उडवलं. एजंटला पत्ताच नाही, कारण तो फोनवर राहतच नव्हता, दूर कुठल्या सर्व्हरवर होता. पासवर्ड बदलला. टोकनवाल्याला पासवर्ड कोण विचारतो? शेवटी शास्त्रोक्त मार्ग धरला, टोकन रद्द करण्याचा. घरात वीज गेलेली, म्हणून रेंज मिळते त्या वळणावर गेलो. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप, हनुवटीखाली छत्री, अशा अवस्थेत कमांड दिली. उत्तर आलं, २००. म्हणजे काम फत्ते. घरी येऊन मिशीवरचं पाणी झटकत जाहीर केलं, "काढला."

रात्री एजंटनं चिंचवडच्या एका ग्रुपला आंबेमोहराचा भात कबूल केला.

झालं होतं असं, की टोकन चिकटवताना शेवटचं अक्षर सुटलं होतं. आणि टोकन रद्द कसं करावं हे सांगणारं २०१३चं मानक, आरएफसी ७००९, असं म्हणतं की टोकन चुकीचं असलं तरी सर्व्हरनं २००च म्हणावं. जे टोकन मुळात चालत नाही, ते रद्द झाल्यातच जमा. तर्क बिनतोड आहे. माझ्या व्याख्यानात यावर एक स्लाइड होती, लाल अक्षरांत.

दुसऱ्या खेपेला अक्षर न् अक्षर मोजून नेमकं टोकन रद्द केलं. पण ते रिफ्रेश टोकन, म्हणजे नवी टोकनं मागून घेण्याचं. एजंटच्या हातात आधीच पडलेलं ॲक्सेस टोकन मुदत संपेपर्यंत खणखणीत चालू. ते तपासणारा फक्त सही आणि तारीख बघतो, ज्यानं दिलं त्याला विचारायला जात नाही. मुदत एक तास. ती सोयीसाठी मीच ठेवलेली.

त्या तासाभरात शेजारचे काका ओसरीवर येऊन बसले होते. मी घड्याळाकडे बघत सगळं सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, "पेपरात नोटीस दिली का?"

काकांचा जमिनीचा दावा तालुक्यात बऱ्याच जणांना पाठ आहे. त्यांनी मुखत्यारपत्र रद्द केलं होतं, तरी मुखत्यारानं एका बेसावध गिऱ्हाइकाकडून इसार घेतला. वकिलानं तेव्हा त्यांना १८७२च्या करार कायद्याचं कलम २०८ समजावलं. मुखत्याराचा अधिकार काढला, तरी समोरच्या माणसाला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो शाबूतच असतो. "म्हणून ज्याच्याशी व्यवहार होणार त्याला आधी कळवायचं, नाहीतर कागदात मुदतच आखूड टाकायची," काका म्हणाले. हिंजवडीतही यावर हेच दोन उपाय सांगतात, फक्त वातानुकूलित खोलीत आणि इंग्रजीत. मी काकांना दुसरा चहा दिला.

तेवढ्यात एजंटनं आणखी दोन बुकिंगं उरकली होती, एक कुत्र्यासकट.

तर जाहीर नोटीस. मुळशीच्या काठी खोली पक्की, चाळीस टक्के सवलत, अशी मेल ज्यांच्याकडे असेल त्यांनी येण्यापूर्वी फोन करावा. आमचा मुखत्यार काढलेला आहे आणि हे वाचलंत म्हणजे तुम्हाला ते कळलं, असं धरलं जाईल. पिठलं-भाकरी मिळेल. खोली मिळणार नाही.