बादली आधी, बी नंतर

टाकाऊ डब्यांत भाजी पिकवायला शिकवणारे लोक नेहमी बियाण्यापासून सुरुवात करतात. पाया तिथेच चुकतो. बी काय, कुठेही मिळतं. मेथ्या आणि धने तर स्वयंपाकघरातच असतात. धने पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या लागतात, आणि ती चप्पल बाहेरची नसावी एवढीच अट घरातून येते. खरा प्रश्न भांड्याचा आहे. ज्यांना तो पडत नाही, म्हणजे जे नर्सरीत जाऊन एकसारख्या दहा कुंड्या विकत आणतात, त्यांनी पुढचं वाचू नये. त्यांची भाजी चांगली येते, पण त्यात शिकण्यासारखं काय?

या शेतीचं मूळ तत्त्व असं की मराठी घरातून पोकळ वस्तू सहसा बाहेर पडत नाही. आइस्क्रीमचा डबा, कान तुटलेली बादली, बाळ मोठं होऊन नोकरीला लागलं तरी त्याचा टब, सगळं "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून माळ्यावर जातं. माळा भरतो, मग पलंगाखालची जागा भरते, आणि तो कधीतरी काही उजाडत नाही. गॅलरीतली भाजी ही त्या कधीतरीसाठी शोधलेली सबब आहे. एवढं मनाशी कबूल केलं की पुढे फारशा निराशा होत नाहीत.

मी या मार्गाला लागलो २०२३ च्या जुलैत. टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती आणि आमच्या आमटीत आमसूल सन्मानाने परत आलं होतं. जेवता जेवता मी जाहीर केलं, की यापुढचा टोमॅटो घरचा. बायको म्हणाली, "म्हणजे कधी?" मी तो प्रश्न मनावर घेतला नाही. तुम्ही घ्या, कारण त्याचं उत्तर पंचांगात आहे.

दसऱ्याला श्रीखंड येतं. अर्ध्या किलोचा डबा संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. त्याच्या तळाला चार भोकं पाडली की टोमॅटोची रोपं करायला इतकं नेमकं भांडं दुसरं नाही. रोप पंचवीस-तीस दिवसांत लावण्याजोगं होतं. तेवढ्यात दिवाळीआधीचं रंगकाम उरकून २० लिटरची बादली सुटते, फराळ तळून झाल्यावर तेलाचा १५ किलोचा डबा सुटतो. भाऊबीजेनंतर रोप बादलीत जातं, डब्यात मेथी पडते. पुढे दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिला टोमॅटो लाल होतो तेव्हा हळदीकुंकवाचे दिवस असतात, आणि वाण म्हणून लुटलेले प्लॅस्टिकचे डबे घरात येऊन उन्हाळी रोपांची सोय होते. आपल्या सणांमागच्या शास्त्राबद्दल बरंच काही छापून येतं. त्यात एवढी एक बाब सुटलेली दिसते.

आता बादली. तुम्ही म्हणाल, रंग आपण विकत आणला, म्हणजे बादली आपलीच. रंगारी तसं मानत नाही. रिकाम्या बादलीवर त्याचा पिढीजात हक्क असतो, आणि तो शेवटच्या दिवशी ती इतक्या सहजतेने उचलतो की आपल्यालाच चोरट्यासारखं वाटतं. त्यामुळे बोलणी पहिल्याच दिवशी, दुसऱ्या चहाच्या वेळी करावीत. मी शेवटच्या दिवशी केली. चार बादल्यांपैकी दोन मिळाल्या, त्याही झाकणांशिवाय. झाकणांसाठी वेगळे पन्नास रुपये पडले. ती झाकणं मी बादल्यांखाली थाळ्या म्हणून ठेवली. या पन्नास रुपयांचा उल्लेख पुढे येणार आहे.

बादली निवडताना तिला उलटी करून तळ वाचावा. तिथे त्रिकोणात आकडा असतो. २ किंवा ५ असेल तर भाजीला चालतं. ३ आणि ६ टाळावेत, कारण ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे थर्मोकोलचं घराणं. आतला वाळलेला रंग कोपऱ्यातून नखाने सोडवला तर सापाच्या कातीसारखा अखंड निघतो. हे काम भाजी पिकवण्यापेक्षा आनंदाचं आहे आणि खरं सांगायचं तर इथेच थांबायलाही हरकत नाही.

पुढची पायरी भोकांची. पाच-सहा भोकं, करंगळीएवढी, काही तळाला आणि काही बाजूला तळापासून बोटभर उंचीवर, म्हणजे बादली फरशीला चिकटून बसली तरी पाण्याला वाट राहते. यासाठी जुना स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापवावा. कोणता स्क्रू ड्रायव्हर जुना, यावर घरात आधी एकमत असावं. प्लॅस्टिक जळल्याचा वास तीन मजले जातो. आमच्याकडे सेक्रेटरी स्वतः येऊन वायरिंग तपासून गेले. तेलाच्या डब्याला मात्र तापवण्याची गरज नाही, हातोडी आणि खिळा पुरे. डबा आडवा टाकून वरची बाजू पत्र्याच्या कात्रीने कापली की नऊ इंच खोल हौद तयार होतो. मेथीला पाच-सहा इंचही भागतात. कापलेल्या कडा आत दुमडाव्यात. मी आधी मेथी पेरली आणि मग दुमडायला गेलो. पहिल्या पिकाच्या खर्चात धनुर्वाताचं इंजेक्शन धरलेलं आहे. मेथी बावीस दिवसांत काढली, पाऊण जुडी झाली.

मातीबद्दल थोडक्यात. सगळी बादली मातीने भरू नये. २० लिटरची बादली ओल्या मातीसकट तीस किलोच्या आसपास जाते. अशा दहा झाल्या की गॅलरीत एक छोटी गाय उभी केल्यासारखं होतं, आणि गॅलरी गाय धरून बांधलेली नसते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवारातून पालापाचोळ्यावर शेती करून दाखवली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाची चिपाडं भरून गच्चीवर भाजी पिकवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनची गच्चीही स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर हिरवी झाली. म्हणजे मार्ग सिद्ध आहे. रसवंतीवाल्याकडे चिपाडं फुकट मिळतात, फक्त "कशाला हवीत?" या प्रश्नाला चार गिऱ्हाइकांसमोर उत्तर द्यावं लागतं. ती चांगली वाळवून, तुकडे करून, पाल्याबरोबर खालचे दोन भाग भरावीत. वर एक भाग माती आणि शेणखत. मी वाळवली नाहीत. पहिल्या आठवड्यात मुंग्या आल्या, तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली, कारण कुजणारं चिपाड जमिनीतला नत्र आधी स्वतः खातं. आणि दुसऱ्या महिन्यात बादली निम्मी खाली बसली. रोप आत खोलवर उभं, विहिरीत पडलेल्या माणसासारखं वर बघत होतं.

बासमतीच्या रिकाम्या पिशव्यांत आलं-हळद लावा, असं अनेक जाणकार सांगतात. लावा. पण विणलेल्या प्लॅस्टिकचा उन्हात वर्षभरात भुगा होतो, हे त्यांच्या बोलण्यात ओघाने येत नाही. आमची पिशवी एप्रिलात तळातून गेली तेव्हा खालच्या मजल्यावर कुरडया वाळत होत्या. त्या काकूंनी आवाज चढवला नाही. त्या नुसत्या वर बघत राहिल्या, आणि ते फार वाईट होतं.

आता पन्नास रुपयांच्या झाकणांकडे येऊ. बादलीखालच्या झाकणात पाणी साचतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. पालिकेची माणसं बॅटरी घेऊन आली, त्यांनी झाकण तिरपं केलं आणि मला म्हणाली, "बघा." मी पाहिलं. माझ्या बागेत सगळ्यात जोमदार वाढ तिथेच चालली होती. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा, असं बजावून ती गेली. तेव्हापासून आमच्याकडे गुरुवार हा कोरडा दिवस आहे. मी फोनवर असं सांगितल्यामुळे एका मित्राचा गैरसमज होऊन त्याने गुरुवारी येणं बंद केलं.

कबुतरांसाठी जुन्या सीड्या टांगाव्यात, त्या चमकून पाखरं घाबरतात. मी सापडली ती टांगली. ती आमच्या लग्नाची निघाली. कबूतर तिच्या दोरीवर बसून आता झोके घेतं, आणि घरात या विषयावर बोलणं होत नाही.

एवढं पार पाडलं की पीक येतं. जानेवारीच्या शेवटी माझे तीन टोमॅटो एकदम पिकले. त्या आठवड्यात मंडईत टोमॅटो वीस रुपयांनी पडलेले होते, ही गोष्ट मला बायकोने नव्हे, मुलीने सांगितली. पण पहिलं पीक वाटायचं असतं. दोन टोमॅटो वाटीत घालून कुरडयांच्या काकूंना नेऊन दिले. तिसरा आम्ही चौघांनी खाल्ला.

आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. काकूंनी ती संध्याकाळी आणून दिली, सोबत आइस्क्रीमचे चार डबे, एकात एक घातलेले. म्हणाल्या, "तुम्हाला लागतात ना?" त्यानंतर दाराशी वस्तू येऊ लागल्या. बिनकानाची बादली, झाकण हरवलेला कुकर, एक हेल्मेट. रथसप्तमीच्या सकाळी दार उघडलं तर समोर कमोड. तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं काम काढलेलं होतं. वर चिठ्ठी: "स्वच्छ धुतला आहे."

भांडं म्हणून कमोड उत्तम. उन्हात तापत नाही, भुगा होत नाही, वाऱ्याने पडत नाही, आणि भोक तयार असतं. त्याच्या वळणात मात्र पाणी राहतं, म्हणून तिथे ओलाव्यावर जगणारी भाजी लावावी आणि वळण खापऱ्यांनी भरून टाकावं. मी अळू लावलं. पानं सुपाएवढी झाली. वड्या इमारतीत सगळ्यांनी घेतल्या, फक्त तिसऱ्या मजल्यावर त्या दिवशी उपवास निघाला.