वादळ मंदावल्याचा दाखला देणाऱ्या शेजाऱ्यांस



12 सप्टेंबर 2008 च्या सकाळी ‘आयक’ चक्रीवादळ अद्याप दूर आखातात असतानाच टेक्सासच्या बोलिव्हर द्वीपकल्पावरचा रस्ता पाण्याखाली गेला होता, घरे रिकामी करण्याचा हुकूम सुटला होता, आणि मी आपल्या मातोश्रींना मोटारीत घेण्यासाठी आपल्या दारात तिष्ठत होतो. अशा वेळी चहाचा पेला हाती घेऊन आपण जो फैसला सुनावलात, की चौथ्या श्रेणीचे हे वादळ क्यूबा ओलांडताना खचले, कोरडी हवा पोटात गेल्यामुळे त्याच्या डोळ्याभोवतीची भिंत धड जुळत नाही, सबब दुसरीच्या वर न चढता किनारा गाठेपर्यंत ते निवेल, त्या फैसल्यातील विद्वत्तेला मी आजही वंदन करतो. टेहळणी विमानाने मोजलेला वायुदाबही आपणांस मुखोद्गत होता.

मात्र केंद्रापासून सुमारे 190 किलोमीटरपर्यंत चक्रीवादळी वारा फैलावलेले ते अजस्र प्रकरण समुद्राला किनाऱ्याकडे लोटीत आले होते. आणि एकदा लोटलेला समुद्र श्रेणी उतरल्याचे वर्तमान ऐकून माघारी फिरत नाही, किनाऱ्यालगतचा तळ उथळ असल्यामुळे त्याला वर चढण्यावाचून गत्यंतरही नसते. आपल्या त्या क्षुल्लक दुसऱ्या श्रेणीने 13 तारखेच्या पहाटे बोलिव्हरवर 15 ते 20 फूट पाणी आणले. क्रिस्टल बीचला कित्येक घरांच्या जागी नुसते खांब उरले. आणि आपल्या मातोश्रींनी, गुडघे धरलेले असता, ती रात्र माळ्यावर काढली! त्यांना आपण विचारले तरी होते काय?

रागाच्या भरातही एक गोष्ट दडपवत नाही. 2005 साली ‘रिटा’च्या वेळी हुकूम शिरसावंद्य मानून आपण निघालात आणि ह्यूस्टनबाहेरच्या महामार्गावर रणरणत्या उन्हात अडकून पडलात, त्याच पलायनात डॅलसजवळ वृद्धाश्रमाच्या बसला आग लागून 23 जण दगावले, आणि पाचव्या श्रेणीचे ते वादळ खरोखरच तिसरीवर उतरून पूर्वेकडे निघून गेले. मातोश्रींना पुन्हा त्या रस्त्यावर नेण्याचे धैर्य होत नाही, एवढेच आपण म्हणाला असतात, तर आडवाटेने निघण्याची काही तजवीज आपण दोघांनी केली असती. कोरड्या हवेची साक्ष कशाला काढलीत?

राहता राहिली आपली ती श्रेणी. वादळांच्या श्रेणींच्या व्याख्येतून पाण्याची उंची 2010 साली रीतसर वगळण्यात आली आहे. तेव्हा पुढील मोसमात वादास येताना आपल्या उंबरठ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून या.

मातोश्रींस शिरसाष्टांग नमस्कार. कळावे.