डावा हात माझा

वहिनी, हा घ्या तुमचा पॉलिश पेपर. आणि थांबा जरा, गॅसवर काही ठेवलं नाही ना? गंमत सांगते.

परवा दिवसभर आमच्याकडे टकटक चालली होती ना, ती पद्मिनीची. 1992 ची गाडी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीसुद्धा 2023 ला रस्त्यावरून गेल्या, कुर्ल्याचा कारखाना तर कधीचाच थंड पडला. पण आमच्या ह्यांची काही सुटत नाही. मागच्या महिन्यात धुळ्याला भाचीच्या साखरपुड्याला तीच काढली. पाळधी आलं नाही तोच डावा इंडिकेटर रुसला. उजवीकडे टिकटिक व्यवस्थित, डावीकडे नुसता पेटून राही, मिचकायचं नाव नाही. मग काय, डाव्या सीटवर मी! एरंडोलला चहाला थांबायचं, काढ हात बाहेर. पारोळ्याला पाणी घ्यायचं, काढ हात बाहेर. अंगावर पैठणी, हातभर बांगड्या, अन् मागे केळीचा ट्रक. तो ड्रायव्हर हसून राहिला होता, माय!

आल्यावर मेकॅनिककडे. त्यानं फ्लॅशर बदलला. दोन दिवसांनी परत बदलला. अंगठ्याएवढी पत्र्याची डबी ती. आतली पट्टी करंटनं तापते, वाकते, करंट तुटतो. गार झाली की पुन्हा चिकटते. तीच टिकटिक. मी म्हटलं, अहो, डबी दोन्ही बाजूंना एकच आहे ना? उजवीकडे चालते, मग तिचा काय दोष? तर म्हणे, तुला काय कळतं.

परवा मला मागे उभं केलं. हे ब्रेक दाबताहेत, मी बघतेय. ब्रेक दाबला की डावीकडचा लाल दिवा मंद, आणि शेजारचा इंडिकेटरही मिणमिणतोय! त्याचा काय संबंध? तेव्हा ह्यांची ट्यूब पेटली. म्हणाले, अर्थिंग गेलं. करंटला परतायला वाट सापडेना, म्हणून शेजारच्या बल्बातून घुसतोय. डिक्कीत वाकून वायरचा तुकडा घेतला, एक टोक होल्डरला, दुसरं कोऱ्या लोखंडाला टेकवलं. टिक, टिक, टिक. उजवीसारखी, अगदी तालात.

होल्डरचा स्क्रू काढला तर खाली गंजाचा नुसता भुगा. येणार नाही तर काय! रावेरहून केळीचे घड आणायचे, तेही पाणी मारलेले, अन् डिक्कीच्या त्याच कोपऱ्यात कोंबायचे. मी किती वेळा सांगितलं, गोणपाट तरी अंथरा. मग तुमच्याकडून हा पेपर नेला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू आवळला, वर थोडं ग्रीस. खर्च शून्य. दोन नव्या डब्या मात्र खिळ्याला लटकून राहिल्या.

पेपर अर्धाच उरला, हं. आणि गुरुवारी धुळ्याला जायचंय, येता का? डावीकडे तुम्ही बसा.